नऊ ते अकरा फोडणी बंद

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ज्या कॉफीला मोगऱ्याचा वास येतो असं मी एका रविवारी सकाळी छातीठोकपणे सांगितलं होतं, त्या कॉफीला मोगऱ्याचा वास येत नव्हता. तिला कशाचा वास येत होता हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही मी ते ऐकीव माहितीवरच सांगू शकतो.

निवेदन संपलं. संबंधितांपैकी एक आता हयात नाहीत. दुसरे चिकमगळूरच्या डोंगरात असतात आणि त्यांना मराठी वाचता येत नाही. तिसरी संबंधित व्यक्ती आत्ता आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि तिला हे सगळं माझ्याआधीपासून माहीत आहे. तेव्हा निवेदनाला वीस वर्षं उशीर झाला म्हणून कुणाचं काही अडलं नाही, असं मी स्वतःला सांगत असतो.

जे हयात नाहीत ते आमचे घरमालक.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांपेक्षा द्राक्षबागा जास्त. तिथल्या एका बंगल्याचा वरचा मजला भाड्याने आहे असं कळलं म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. घरमालकांनी खोल्या दाखवण्याआधी अटी दाखवल्या. टाईप केलेल्या होत्या. धूप नाही. उदबत्ती नाही. कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीत. अंगाला पावडर लावून जिना उतरायचा नाही. आणि सर्वांत खाली, लाल शाईने अधोरेखित: रविवारी सकाळी नऊ ते अकरा फोडणी बंद.

बायको येवल्याकडच्या खेड्यातली. तिने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग काका, रविवारी पोहे कधी करायचे?"

"अकरा वाजून एक मिनिटाने," ते म्हणाले. "प्रश्न चांगला आहे, सूनबाई. आधीच्या भाडेकरूंनी तो विचारलाच नाही. म्हणून ते आता इथे राहत नाहीत."

काका उंच होते, थोडे वाकलेले. इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. आणि नाक असं, की बाकीचा चेहरा त्याला टेकू म्हणून दिलेला असावा. लोक नव्या स्कूटरची घेतात तशी ते त्या नाकाची काळजी घेत. शेजारच्या बागेत फवारणीचा पंप सुरू झाला की नाकावर मफलर यायचा, मग मे महिना का असेना. मला ते 'मिस्टर' म्हणत. "काय मिस्टर, आज कारखान्यात ग्रीस सांडलं वाटतं." हे वाक्य पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या शर्टाकडे बघत टाकलं होतं. मी मात्र त्यांच्या नाकाला दाद दिली होती.

पस्तीस वर्षं त्यांनी तिकडे, कर्नाटकात, कॉफी चाखण्याची नोकरी केली होती. त्यांची बायको तिकडेच वारली. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते जन्मगावी परत आले, म्हणजे ऐन चहाच्या राज्यात. नाशकात ही असली नोकरी असते हेच कुणाला पटत नसे. समोरचे वकील एकदा गेटाशी उभे राहून म्हणाले, "म्हणजे काका, तुम्हाला कॉफी पिण्याचा पगार मिळायचा?"

"पिण्याचा नव्हे," काका म्हणाले. "थुंकण्याचा."

यात विनोद काही नव्हता. दर रविवारी नऊ वाजता ते खालच्या खोलीत टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडत. ताजी भाजलेली कॉफी दळून प्रत्येक वाटीत टाकायची आणि आधी कोरडीच हुंगायची. मग वरून गरम पाणी. चार मिनिटं हात लावायचा नाही. वर जाड साय धरते. ती चमच्याने मोडायची आणि त्याच क्षणी नाक वाटीवर न्यायचं, कारण पहिला वास तेवढाच असतो. मग चांदीच्या चमच्यातून एक घोट असा ओढायचा की धोतर फाटल्यासारखा आवाज झाला पाहिजे. तोंडात घोळवायचा आणि बाजूच्या पितळी तस्तात थुंकायचा. गिळायचा नाही. कधीच नाही. "मिस्टर, जो गिळतो त्याला ती आवडलेली असते," ते सांगत. "आणि ज्याला आवडते त्याला पुढची वाटी प्रामाणिकपणे चाखता येत नाही." एरवी दिवसभर हा माणूस गरम पाणी प्यायचा.

वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, या वाट्यांना खरं काम असायचं. तिकडून एक पार्सल यायचं. शिवलेल्या छोट्या कापडी पिशव्या, आत हिरवट कच्च्या बिया, वर नंबर. पाठवणारे गौडा म्हणून एक छोटे बागायतदार. पूर्वी तिकडे सगळ्यांची कॉफी एकाच ढिगात जायची. कुणाच्या उतारावरची कुठली, याचा पत्ता लागत नसे. मग कायदा बदलला आणि ज्याला त्याला आपली कॉफी आपल्या बागेच्या नावाने विकता येऊ लागली. गौडांच्या तीन उतारांवरच्या तीन पिशव्या यायच्या. काका चाखून सांगायचे तो नंबर वेगळा ठेवून परदेशी गिऱ्हाइकाकडे जायचा. उरलेला ढिगात. दुसऱ्या कुणाला विचारण्याची गौडांची ऐपतही नव्हती आणि इच्छाही नव्हती. काकांचं उत्तर एका पोस्टकार्डावर मावायचं.

या कॉफीला धुतलेली कॉफी म्हणतात. वकिलांना वाटायचं, साबणाने धुतात. फळ सोलून बिया टाकीत आंबवत ठेवायच्या, वरचा चिकटा सुटला की स्वच्छ पाण्यात खळखळून धुवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. सगळी मेख आंबवण्याच्या तासांत. "तास चुकले," काका म्हणायचे, "की फूल होता होता घाण होते."

फुलाची गोष्ट त्यांनी मला जिन्यात बसून सांगितली होती. वळवाचा पाऊस पडून गेला की आठ-नऊ दिवसांनी कॉफीची सगळी झाडं एकाच दिवशी फुलतात. आख्खा डोंगर पांढरा होतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. दोन-तीन दिवसांत खलास. त्यांचं लग्न झालं तेव्हा ते बायकोला घेऊन तिथे पोचले तो नेमका त्यातला एक दिवस होता. गाडीतून उतरल्यावर ती म्हणाली होती, इथे कुणाचं लग्न आहे का, एवढे गजरे कुणी आणले.

"तो वास बीमध्ये उतरत नाही, मिस्टर. पण कधी तरी, एखाद्या उतारावरची, नीट धुतलेली कॉफी तो वाटीत परत आणून देते. मला पस्तीस वर्षांत दोनदा मिळाला. तिसऱ्यांदा मिळावा आणि मग आपण निघावं."

आता गॅसचं सांगतो.

आम्ही राहायला येऊन तीनेक वर्षं झाली होती. एका संध्याकाळी मी आणि बायको भाजी घेऊन आलो. गेट उघडताच ती थबकली, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि पळत काकांच्या घरात शिरली. मी जिन्यापाशी पोचलो तेव्हा मलाही वास आला, म्हणजे बघा किती असेल. तिने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. काका त्याच खोलीत, चार हातांवर, खुर्चीत बसून पेपर वाचत होते. शेगडीवरचं पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती. त्यांच्या खिशात काड्यापेटी होती.

"काका, वास नाही आला?" तिने विचारलं.

"आला होता," ते म्हणाले. "उठतच होतो."

पेपर त्यांनी खाली घेतला नाही. वर आल्यावर बायको म्हणाली, "त्यांना काही येत नाही हो. कधीपासून, देव जाणे." मग मला एकेक आठवायला लागलं. दिंडोरीकडच्या एका नव्या वाइनवाल्याने त्यांना मोठ्या कौतुकाने चाखायला बोलावलं होतं. मीही सोबत होतो. तिथल्या लोकांनी नाजूकपणे ग्लास हलवले, आणि काकांनी असा घोट ओढला की मॅनेजर दचकला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते म्हणाले, "आंबटपणा चांगला आहे. अंगाने भरलेली आहे." जिभेला कळतं तेवढंच सांगितलं होतं. वासाबद्दल चकार शब्द नाही. आणि परत येताना, बागांमधून, नाकावर मफलर.

पुढच्या रविवारपासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. "मिस्टर, तुमच्यात गुण आहे." माझ्यात गुण होता, पण तो नाकात नव्हता. मी कारखान्याच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी नाटकात काम करणारा माणूस. मला वाटीवर वाकून डोळे मिटता येत होते, भुवई उंचावता येत होती, "थांबा, थांबा, काहीतरी आहे," असं पुटपुटता येत होतं. मला ओली माती आली, संत्र्याची साल आली, एकदा तर जुन्या पुस्तकाचं पान आलं. काका प्रत्येक शब्द वहीत टिपून घेत. इतका चांगला प्रेक्षक मला आयुष्यात मिळाला नाही.

मी बायकोला म्हणालो, "तू का येत नाहीस? तुला तर सगळं कळतं." तिने काकांना विचारलंही. ते हसले. "सूनबाई, मिरचीच्या धुरात वाढलेलं नाक हे. त्याला हे नाजूक काम कसं झेपणार?" ती वाईट वाटून घेणारी नव्हती. वाट्या धुवायचं काम तिने आपण होऊन घेतलं होतं, तेवढं ती करत राहिली.

आणि मग तो रविवार. गौडांचं पार्सल आलं होतं. तीन पिशव्या, तीन ओळी वाट्या. एक नंबरला मी "गूळ" म्हणालो. काकांनी लिहिलं. दोन नंबरची साय मोडली, मी वाकलो. मला कॉफीचा वास आला, नेहमी येतो तसा. वर बघितलं तर काका माझ्याकडे असे बघत होते, जसं दवाखान्याच्या बाकावरचं माणूस डॉक्टरांच्या दाराकडे बघतं. शप्पथ सांगतो, मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मोगरा."

पेन थांबलं. "पुन्हा बघा," ते म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. आता माघार कशी घेणार? "मोगराच. अगदी गजरा."

त्यांनी स्वतः वाटी उचलली, नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "हो. आहे." डोळे पुसले. तीन नंबर आम्ही धड बघितलाच नाही. पोस्टकार्ड तिथेच लिहिलं गेलं: नंबर दोन. मल्लिगे. वेगळा ठेवा. मल्लिगे म्हणजे तिकडचा मोगरा. ते स्वतः चपला घालून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "दोन नंबर कशाला म्हणतात? लाल ठिपक्याच्या वाट्या ना?"

"हो. का?"

"नासलाय तो."

तिच्या माहेरी कांद्याची चाळ होती. कांदा भरून ठेवला की आत कुठे तरी एखादा सडायला लागतो, आणि तो वेळेत काढला नाही तर भोवतालचे सगळे जातात. बाहेरून दिसत काही नाही. तिचे वडील रोज सकाळी तिला उपाशीपोटी चाळीच्या कडेने चालवायचे. ती चालायची, एका जागी थांबायची आणि बोट दाखवायची. तिथे हात घातला की तो कांदा सापडायचा. सात वर्षांची असल्यापासून हे काम तिचं.

"दोन नंबरला तोच वास हाय," ती म्हणाली. चिडली की तिचं येवला बाहेर यायचं. "सुरुवातीचा. आज थोडा, उद्या लय. आणि तीन नंबर इतका चांगला, तो तुम्ही तसाच टाकला. लिंबाचं फूल असतं ना, तसा. जा, काकांना सांगा."

"त्यांना किती आनंद झालाय, तू बघितलं नाहीस."

"वासाचं खोटं बोलू नये हो. आमच्याकडे आख्खी चाळ जाते."

रविवारी पेटी उघडत नाहीत. म्हणजे मला सोमवारी सकाळपर्यंत वेळ होता. सोमवारी मी कारखान्याच्या बससाठी कोपऱ्यावर उभा होतो तेव्हा पोस्टमन सायकलवरून आला, त्याने पेटी उघडली आणि पत्रं थैलीत भरली. माझ्यापासून सात-आठ पावलांवर. एक पोस्टकार्ड खाली पडलं. त्याने उचलून झटकलं आणि आत टाकलं. आमचंच होतं की नाही, माहीत नाही. तेवढ्यात बस आली आणि मी चढलो.

गौडा दिवाळीच्या आधी आले. वडिलांचा विधी करायला त्र्यंबकेश्वरला आले होते, तिथून थेट आमच्याकडे. केस नुकतेच उतरवलेले, हातात दोन नंबरची कापडी पिशवी. काकांच्या पाया पडले. मोडक्या हिंदीत, मलाही कळावं म्हणून असेल, म्हणाले, "सर, ग्राहक ने माल वापस किया. बोला, प्याज का बास है. मैं बोला, मेरा सर मल्लिगे बोला है. तुम्हारा नाक खराब है." आणि ते हसले. त्यांना खात्री होती. पडेल किमतीत घ्यायला दुसरे तयार होते, पण काकांनी पुन्हा चाखून सांगेपर्यंत गौडा थांबणार होते. बायको चहा घेऊन दारात आली होती. तिने विचारलं, "और तीन नंबर?"

"वो तो ढेर में गया, अम्मा. मार्च में ही."

काकांनी पिशवीतल्या बिया भाजल्या, दळल्या आणि वाट्या मांडल्या. रविवार नव्हता, पण तिने कढई उतरवून ठेवली होती. पाणी ओतलं. चार मिनिटं गेली. काकांनी साय मोडली, वाकले, घोट ओढला, थुंकले. मग माझ्याकडे वळले.

"बोला, मिस्टर."

मी तोंड उघडलं. स्नेहसंमेलनात इतकी वर्षं कामं केली, संवाद कधी विसरलो नव्हतो.

"काका," दारातून बायको म्हणाली, "कांदा नासलाय. मार्चमध्येही होता."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे फार वेळ नाही. तेवढ्यात त्यांना काय हवं ते दिसलं असावं. मग ते गौडांकडे वळून कानडीत बोलले. मला कानडी येत नाही. मल्लिगे हा शब्द दोनदा आला, आणि दोन्ही वेळा त्यांनी अंगठा स्वतःच्याच छातीवर ठेवला. मग नाकाला हात लावून हाताची मूठ उघडून दाखवली, रिकामी.

"कब से, सर?" गौडांनी विचारलं.

"चार वर्षं," काका मराठीत म्हणाले. "सर्दी झाली होती. सर्दी गेली, हे परत आलं नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वाट्या गोळा करायला लागलो.

"तीन नंबरच्या मूठभर बिया आहेत," काका थोड्या वेळाने म्हणाले. दर वर्षीचे नमुने ते डब्यात जपून ठेवत. त्यांनी त्या छोट्या कढईत भाजल्या, कान लावून, कारण बी तडकल्याचा आवाज अजून त्यांचा होता. चार वाट्या झाल्या. त्या आख्ख्या उताराच्या एवढ्याच उरल्या होत्या. या वेळी त्यांनी चमचा बायकोच्या हातात दिला. तिने साय मोडली.

"लिंबाचं फूल," ती म्हणाली. "सकाळचं. ऊन चढायच्या आधीचं."

"अजून?"

"थांबा, गार होऊ दे." ती थांबली. आम्ही तिघे पुरुष तिच्याकडे बघत बसलो. "आता मागून येतोय. मोगरा म्हणा. पण गजऱ्याचा नाही. झाडावरचा, लांबून आलेला."

"लांबून," काका म्हणाले. "हो. लांबूनच येतो तो."

त्यांनी वाटी घेतली, आवाज न करता ओठांना लावली आणि गिळली. सगळी. तस्त बाजूलाच होतं.

गौडा संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना पुन्हा पाया पडले, पण पुढच्या मार्चमध्ये पार्सल आलं नाही. त्याच्या पुढच्याही. वाट्या कपाटात गेल्या. फवारणीच्या दिवसांत काका मफलर न लावता गेटाशी उभे दिसायचे. मी जिन्यात भेटलो की "काय मिस्टर" म्हणायचे, त्याच आवाजात, आणि मला ते सहन होत नसे. एकदा धीर करून म्हणालो, "काका, ते मार्चचं..." ते म्हणाले, "फार चांगलं काम करता तुम्ही नाटकात." त्यात टोमणा होता की नाही, हे मी अजून ठरवतोय.

एका रविवारी साडेनऊला ते जिना चढून वर आले. आम्ही राहायला आल्यापासून प्रथमच. आमच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले.

"सूनबाई, फोडणी द्या."

"काका, अकरा वाजायचेत."

"द्या. आता कुणासाठी थांबायचं? कडक द्या, तुमच्या येवल्यासारखी."

तिने माझ्याकडे बघितलं, मग तेल तापवलं. मोहरी, जिरं आणि सात-आठ लाल सुक्या मिरच्या. लसूण घरात नव्हता. हे मी खात्रीने सांगतो, कारण बाजारातून आणायला विसरलो म्हणून तासाभरापूर्वीच मी बोलणी खाल्ली होती. मिरच्या काळ्या पडल्या, धूर उठला, मी खोकत खिडकीकडे धावलो. काकांनाही जबरदस्त ठसका लागला. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. पण ते हलले नाहीत. मान वर करून, डोळे मिटून त्या धुरात बसून राहिले, आणि ठसका थोडा उतरल्यावर हळूच, विचारू की नको अशा आवाजात म्हणाले, "लसूण. लसूण आहे ना, सूनबाई?"

कढईत तिचा झारा थांबला.

"हो काका, आज दोन पाकळ्या जास्तच पडल्या."